बीएला प्रवेश घेतलाय? क्रेडिटचा हिशेब पहिल्या दिवसापासून स्वतः ठेवा

जून महिन्यात कॉलेजच्या व्हरांड्यात प्रवेशाचं टेबल लागतं आणि त्या टेबलामागे मी बसते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तालुक्यापलीकडच्या गावातून एक काका मुलीला घेऊन आले होते. अर्ज माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, हिला मराठी घेऊन बीए करायचंय. मग हे एवढे रकाने कशाला?" अर्जावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असे नऊ रकाने होते. मुलगी काही बोलली नाही. तिने नवाच्या नऊ रकान्यांत पेन्सिलीने "मराठी" लिहून ठेवलं होतं.

तिला शेजारच्या बाकावर बसवून मी जे समजावलं, तेच इथे जरा ऐसपैस लिहिते आहे. बीएला नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. कारण आईवडिलांच्या आठवणीतलं बीए आता राहिलेलं नाही. तेव्हा विषय ठरले की ठरले, वर्षाअखेरी पेपर दिले, पास झालो की पुढचा वर्ग. आता पदवी क्रेडिटवर मिळते, आणि एका दोन क्रेडिटच्या पेपरापायी ती अडू शकते.

नियम आले कुठून, ते थोडक्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमांचा क्रेडिट आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये काढला. महाराष्ट्र शासनाचा निर्णय २० एप्रिल २०२३ चा. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं यांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. परदेशी विद्यापीठांत ज्याला लिबरल स्टडीज किंवा लिबरल आर्ट्स म्हणतात, म्हणजे एक विषय खोलवर आणि बाकी चार गोष्टींची ओळख, त्याच धर्तीवर आपलं साधं बीए आता आलं आहे. कल्पना चांगली आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ती नीट समजावून सांगणारं माणूस प्रत्येक मुलाला भेटत नाही.

पायरी पहिली: क्रेडिट म्हणजे काय ते पक्कं करा

एक क्रेडिट म्हणजे वर्गातलं १५ तासांचं शिकवणं. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन तास धरले तर पंधरा आठवडे. प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य, प्रकल्प, इंटर्नशिप असं काम असेल तर एका क्रेडिटला ३० तास.

एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. वर्षाला दोन सेमिस्टर. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८, तिसऱ्याला १२० ते १३२ आणि चौथं वर्ष केलंत तर १६० ते १७६. राज्याच्या मूळ आराखड्यात सेमिस्टरला २२ धरलेत, म्हणून मी पुढे १३२ म्हणते. तुमच्या विद्यापीठाचा नेमका आकडा पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मुलं इथेच फसतात. १३२ ची बेरीज झाली म्हणजे पदवी मिळाली, असं नाही. प्रत्येक रकान्याचे क्रेडिट त्या त्या रकान्यातच मिळवावे लागतात. मेजरमध्ये पैकीच्या पैकी मिळाले म्हणून भाषेचे दोन क्रेडिट माफ होत नाहीत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवायची सोय इथे नाही.

पायरी दुसरी: रकाने एकेक करून समजून घ्या

इथे घाई करू नका. चहा घेऊन बसा.

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. पदवीवर ज्याचं नाव येणार तो. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, जो असेल तो. क्रेडिटचा सर्वांत मोठा वाटा त्याचा.

मायनर म्हणजे जोडविषय. तीन वर्षांत साधारण १८ ते २० क्रेडिट. तो कला शाखेतलाच दुसरा विषय असू शकतो किंवा दुसऱ्या शाखेतलाही. नियम तशी मुभा देतो, पण तुमच्या कॉलेजात तो विषय शिकवणारं माणूस आहे का, हा खरा प्रश्न. इतिहासाला अर्थशास्त्राची जोड, मराठीला इंग्रजीची किंवा हिंदीची, भूगोलाला अर्थशास्त्राची, या जोड्या जमतात. मायनर नुसता वेळापत्रकात बसतो म्हणून घेऊ नका. पाच सेमिस्टर त्याच्याबरोबर काढायची असतात.

ओई म्हणजे मुक्त निवडीचा विषय. इथे एक अट आहे: तो मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा हवा. म्हणजे इतिहास मेजर असलेल्या मुलीने ओईला राज्यशास्त्र घेऊन चालणार नाही. तिने वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतून काहीतरी उचलायचं. घरगुती अर्थनियोजन, आहारशास्त्राची तोंडओळख, संगणकाची मूलतत्त्वं असले पेपर असतात. मुलं याला टाकाऊ समजतात. मला उलट वाटतं. एका मेजर मराठीच्या मुलाने ओईला हिशेबलेखन घेतलं आणि त्या दिवाळीत वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही त्याने नव्याने मांडून दिली. ती वही त्याने मला आणून दाखवली होती, प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान, डावीकडे उधार, उजवीकडे जमा.

व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेलं हाताचं कौशल्य. भूगोलाच्या मुलांना नकाशा आणि सर्वेक्षण, मराठीच्या मुलांना मुद्रितशोधन किंवा भाषांतर, इतिहासाच्या मुलांना मोडी वाचन किंवा पर्यटन मार्गदर्शन, असं कॉलेजागणिक काहीही असू शकतं. एसईसी म्हणजेही कौशल्यच, पण ते मेजरशी जोडलेलं असायलाच हवं असं नाही.

एईसी म्हणजे भाषा. मूळ आराखड्यात याचे ८ क्रेडिट आहेत, ४ इंग्रजीचे आणि ४ आधुनिक भारतीय भाषेचे, पहिल्या दोन वर्षांत विभागलेले. व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण: पर्यावरण, भारतीय संविधान, डिजिटल साक्षरता अशा विषयांचे मिळून ४ क्रेडिट. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, २ क्रेडिट.

सीसी म्हणजे वर्गाबाहेरचं काम. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, नाटक, संगीत. पूर्वी हे सगळं हौसेपोटी चालायचं, आता त्याचे ८ क्रेडिट आहेत. नाटकात रमणाऱ्या मुलाला "अभ्यास सोडून हे काय" असं म्हणायची सोय घरच्यांना आता उरलेली नाही, याचा मला मनापासून आनंद होतो.

राहिले एफपी, सीईपी आणि ओजेटी, म्हणजे क्षेत्रप्रकल्प, समाजकार्य आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येतात. त्यांच्यासाठी खाली वेगळी पायरी आहे.

मूळ आराखड्यातलं पहिलं सेमिस्टर असं दिसतं: मेजर ६, ओई ४, व्हीएससी २, एसईसी २, एईसी २, व्हीईसी २, आयकेएस २, सीसी २. बेरीज २२. दुसऱ्या सेमिस्टरला आयकेएस जातं आणि त्याच्या जागी मायनरचे पहिले २ येतात. बाकी तसंच. विद्यापीठांनी यात आपापले बदल केलेत. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर ठरवायचा, अशी पद्धत आहे. म्हणून शेवटचा शब्द तुमच्या विद्यापीठाच्या तक्त्याचा. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो, कॉलेजच्या सूचनाफलकावरही लावलेला असतो. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवण्यापेक्षा त्याची झेरॉक्स काढा आणि वहीत चिकटवा. फोटो हजार फोटोंत हरवतो.

एक सावधगिरी. वरच्या वर्गातल्या दादा-ताईचा तक्ता घेऊन चालू नका. तुमच्या बॅचला लागू असलेला पॅटर्न वेगळा असू शकतो. तक्त्याच्या डोक्यावर वर्ष छापलेलं असतं, ते आधी बघा.

पायरी तिसरी: मेजर ठरवताना पुढचं दार बघा

आवडीचा विषय घ्या हे खरंच. पण आवडीबरोबर एवढं विचारा: तीन वर्षांनंतर मला काय करायचंय?

शिक्षक व्हायचं असेल तर बीएड लागणार. तिथे मेथड, म्हणजे अध्यापनाचा विषय, तुमच्या पदवीच्या विषयावरून ठरतो. शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर असेल, मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल असा, तर रस्ता सरळ. शिवाय बीएडला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्क्यांची अट असते, ती डोक्यात ठेवा.

एमपीएससी किंवा यूपीएससी द्यायची असेल तर कोणताही मेजर चालतो आणि तीन वर्षांची पदवी पुरते. चौथं वर्ष करायलाच हवं, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. या मुलांनी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांतला एक मेजर आणि एक मायनर घेतला तर परीक्षेचा अभ्यास आणि कॉलेजचा अभ्यास हातात हात घालून चालतो.

एमएकडे जायचं असेल तर त्याच विषयाचा मेजर असणं सोयीचं. मायनरवर एमएला प्रवेश मिळेल की नाही, हे विद्यापीठागणिक वेगळं. आधी चौकशी करा.

त्या पेन्सिलवाल्या मुलीला मी विचारलं, मराठी का? ती म्हणाली, "मला बाईंसारखं शिकवायचंय." तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंबद्दल ती बोलत होती. मग मेजर मराठी, मायनर इतिहास, ओईला वाणिज्य शाखेतला एक पेपर, सीसीला एनएसएस असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक मुलाला ही पंचवीस मिनिटं मिळायला हवीत. कॉलेजकडून मिळत नसतील तर हक्काने मागा.

मेजर किंवा मायनर चुकला असं वाटलं, तर बदलायची मुदत असते, पण ती थोड्याच दिवसांची. पहिले दोन आठवडे प्रत्येक तासाला बसा आणि मगच मन पक्कं करा.

पायरी चौथी: अपार आयडी आणि नावाचं शुद्धलेखन

तुमचे क्रेडिट आता नुसते गुणपत्रिकेवर राहत नाहीत. ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी नावाच्या डिजिटल खात्यात जमा होतात. हे खातं २०२१ च्या नियमांनी सुरू झालं. त्यासाठी १२ आकडी अपार आयडी लागतो आणि तो डिजिलॉकरवर आधारच्या मदतीने काढता येतो. फुकट आहे. सायबर कॅफेत कोणी यासाठी मोठी रक्कम मागितली तर देऊ नका.

इथे घोडं अडतं ते नावावर. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. त्यात इंग्रजी स्पेलिंग निराळं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर शिकायला परत आलेल्या मुलींच्या आधारवर सासरचं नाव आणि दहावीवर माहेरचं. मग खातं जुळत नाही, क्रेडिट जमा झालेले दिसत नाहीत आणि मूल तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धावपळ करतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. जन्मतारीखही बघा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अपार काढा, मग तोच क्रमांक कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या अर्जावर लिहा. लग्नाने नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ ठेवा. विद्यापीठाकडून मिळणारा पीआरएन हा वेगळा क्रमांक, तोही वहीत हवा. दर सेमिस्टरचा निकाल लागल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एबीसी खात्यात डोकावा. क्रेडिट चढलेले नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोचपावती घ्या.

पायरी पाचवी: वही घाला

वही म्हणजे साधी दोनशेपानी. मोबाइलमधलं ॲप नको, कागदच हवा, कारण ऑफिसच्या खिडकीसमोर कागद पटकन पुढे करता येतो.

प्रत्येक सेमिस्टरला एक दुहेरी पान. डावीकडे पेपरचं नाव, पेपरचा कोड, रकाना, क्रेडिट. उजवीकडे अंतर्गत गुण, लेखी परीक्षेचे गुण, ग्रेड, पास की बाकी. पानाच्या तळाशी या सेमिस्टरचे मिळालेले क्रेडिट आणि आजवरची बेरीज. शेवटच्या पानावर रकान्यांची यादी उभी लिहा, मेजरपासून ओजेटीपर्यंत. प्रत्येकासमोर किती हवेत आणि किती झाले, ते लिहीत जा. हे शेवटचं पान सर्वांत मोलाचं. १३२ च्या बेरजेत न दिसणारी भोकं इथे दिसतात.

वहीच्या मागच्या कप्प्यात हॉल तिकिटं, फीच्या पावत्या, प्रकल्प जमा केल्याची पोच, शिबिरांची प्रमाणपत्रं. काही फेकू नका.

मी एवढी आग्रही का, ते सांगते. पूर्वी मी दुसऱ्या एका कॉलेजात होते. तिथे एका मुलाने एनएसएसचं काम दोन वर्षं मनापासून केलं. वर्षाला १२० तास, सात दिवसांचं निवासी शिबिर, गावात बंधारा बांधायला हा सर्वांच्या पुढे. पण त्याचे तास ज्या रजिस्टरात होते ते रजिस्टर कार्यालय बदलताना गहाळ झालं आणि त्याचे क्रेडिट विद्यापीठाकडे गेलेच नाहीत. निकाल राखून ठेवला गेला. तेव्हा त्याच्याकडे एक चिठोरीसुद्धा नव्हती. शिबिराच्या सामूहिक फोटोवरून, त्या गावच्या सरपंचांच्या पत्रावरून आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या जबाबावरून आम्ही ते सिद्ध केलं. सात महिने गेले. तोवर बीएडची प्रवेशप्रक्रिया संपली होती. त्या मुलाचं एक वर्ष गेलं आणि त्याची चूक काहीच नव्हती. मला अजून ते लागतं.

पायरी सहावी: छोट्या पेपरांना छोटं समजू नका

प्रत्येक पेपरला गुणांवरून ग्रेड आणि ग्रेडवरून पॉइंट मिळतात, दहापैकी. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ म्हणजे शून्य. क्रेडिटने पॉइंट गुणायचे, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायची. हा झाला एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी.

उदाहरण करून बघू. मेजर ६ क्रेडिट, पॉइंट ८, गुणाकार ४८. ओई ४ ला ७, म्हणजे २८. व्हीएससी २ ला ७, १४. एसईसी २ ला ८, १६. एईसी २ ला ६, १२. व्हीईसी २ ला ९, १८. आयकेएस २ ला ८, १६. सीसी २ ला १०, २०. बेरीज १७२. भागिले २२, म्हणजे ७.८२.

आता मेजरमध्ये एक पॉइंट वाढला, ८ चे ९ झाले, तर एसजीपीए ८.०९ होतो. भाषेच्या पेपरात एक पॉइंट वाढला तर ७.९१. म्हणजे मेजरवर जास्त मेहनत घेणं बरोबरच आहे. पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. भाषेत किंवा आयकेएसमध्ये नापास झालात तर एसजीपीए थोडाच खाली येईल, पदवी मात्र पुरती थांबेल. मेजरच्या पेपराइतकीच थांबेल. माझ्याकडे तिसऱ्या वर्षाला रडवेली होऊन येणाऱ्या मुलांपैकी मेजरमध्ये अडकलेली फार थोडी. बहुतेकांचं पर्यावरण राहिलेलं असतं, किंवा पहिल्या वर्षाचं इंग्रजी.

राहिलेल्या पेपराला आपण केटी म्हणतो आणि पेपर राहूनही पुढच्या वर्षात जायच्या सवलतीला एटीकेटी. किती क्रेडिट राहिले तरी पुढच्या वर्षात बसता येतं, हा नियम विद्यापीठागणिक वेगळा आहे. तसंच अंतर्गत गुणांत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, तेही विचारा. अंतर्गत चाचणी बुडाली तर ती पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. गावात जत्रा असली तरी चाचणीच्या दिवशी कॉलेजात या.

आणि केटी पहिल्या संधीलाच काढा. पहिल्या वर्षाचा पेपर तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवला तर अभ्यासक्रम बदललेला असू शकतो, शिकवणारी माणसं बदललेली असतात, पुस्तक मिळत नाही.

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची असते. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती दर वर्षी नूतनीकरण करावी लागते आणि तिथेही हजेरी बघतात. एसटी उशिरा येते म्हणून पहिला तास रोज बुडत असेल तर प्राचार्यांना वेळेत लेखी कळवा. वेळापत्रकात बदल करून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

पायरी सातवी: ऑनलाइन क्रेडिट घ्यायचे असतील तर

स्वयम् या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम करून त्यांचे क्रेडिट पदवीत धरता येतात. एका सेमिस्टरमधल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंतची मर्यादा नियमात आहे. कॉलेजात एखादा विषय शिकवायला कोणी नसेल तर हा मोठा आधार. पण नाव नोंदवण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता घ्या. कोणत्या रकान्यात तो धरला जाईल, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. नुसतं "हो, चालेल" यावर विसंबू नका. आणि परीक्षा देणं आलंच, व्हिडिओ बघून क्रेडिट मिळत नाहीत.

पायरी आठवी: प्रकल्प, समाजकार्य आणि ओजेटी

ओजेटी ४ क्रेडिटचं असेल तर १२० तासांचं काम झालं. रोज चार तास धरले तरी तीस दिवस. मूळ आराखड्यात ते सहाव्या सेमिस्टरला येतं, म्हणजे परीक्षा, प्रकल्प, स्पर्धा परीक्षांचे अर्ज यांच्या ऐन गर्दीत. जागा आधीच्या दिवाळीतच शोधून ठेवा.

शहरातल्या मुलांना कंपन्या आणि संस्था दिसतात. गावाकडची मुलं विचारतात, आम्ही कुठे जायचं? सार्वजनिक वाचनालय आहे, ग्रामपंचायतीचं कार्यालय आहे, पतसंस्था आहे, स्थानिक साप्ताहिक आहे, छापखाना आहे, शाळा आहे, बचत गटांचा संघ आहे. मराठीच्या एका विद्यार्थिनीने तालुक्याच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची विषयवार यादी केली. धूळ झटकून, प्रत्येक पुस्तकाचं शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष लिहून. ग्रंथपाल काकांनी ती यादी बांधून घेतली आणि दारातल्या टेबलावर ठेवली.

काम सुरू करण्याआधी तीन कागद हवेत: कॉलेजचं विनंतीपत्र, संस्थेचं होकारपत्र आणि रोजच्या तासांची डायरी, जिच्यावर तिथल्या जबाबदार माणसाची रोजच्या रोज सही. शेवटच्या दिवशी एकदम तीस सह्या घेऊ नका. तशी डायरी परीक्षकांना लगेच ओळखू येते. काम संपलं की शिक्क्यासह प्रमाणपत्र घ्या.

क्षेत्रप्रकल्पासाठी विषय आपल्या पायाखालचा निवडा. गावच्या आठवडी बाजाराचा, पाणीपुरवठ्याचा, जात्यावरच्या ओव्यांचा. इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडा पडतो. आजीकडून लिहून घेतलेल्या वीस ओव्यांवर मात्र मूल अर्धा तास बोलतं.

पायरी नववी: थांबायचं की पुढे जायचं

मधे शिक्षण सोडावं लागलं तर आता हात अगदी रिकामे राहत नाहीत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळते. अट एवढी की नेमून दिलेले ४ क्रेडिटचे जास्तीचे कौशल्यकाम किंवा इंटर्नशिप पूर्ण करायची. ते न करता नुसतं यायचं बंद केलं तर प्रमाणपत्र मिळत नाही. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते.

हे मी मुलींच्या आईवडिलांना मुद्दाम सांगते. लग्न ठरलं म्हणून दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटत असेल तर निदान बाहेर पडण्याचा रीतसर अर्ज करा, ४ क्रेडिटचं काम पूर्ण करा, पदविका हातात घ्या. क्रेडिट एबीसीत राहतील. परतीचं दार उघडं राहील. आणि शक्य असेल तर एक वर्ष थांबा, पदवी होऊ द्या.

चौथं वर्ष कोणी करावं? ज्यांना संशोधनाकडे जायचंय त्यांनी. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांना थेट पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं, आणि एमए करायचं तर ते एका वर्षाचं होतं. तीन वर्षांनंतर एमएला गेलात तर दोन वर्षं. म्हणजे एकूण वर्षं तेवढीच. तुमच्या कॉलेजात चौथं वर्ष आहे का, हे मात्र आधी बघा. सगळीकडे नाही.

पायरी दहावी: शेवटचं सेमिस्टर

सहाव्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन ऑफिसात जा आणि तुमचं शेवटचं पान त्यांच्या नोंदीशी ताडून बघा. त्या वेळी काही राहिलेलं आढळलं तर परीक्षेचा अर्ज भरायला अवधी असतो. निकालानंतर आढळलं तर सहा महिने गेले.

निकाल लागला की गुणपत्रिका मिळते. पदवी प्रमाणपत्र वेगळं, आणि त्यासाठी बऱ्याच विद्यापीठांत स्वतंत्र अर्ज आणि शुल्क लागतं. पदवीप्रदान समारंभाच्या आधी तो अर्ज भरायची मुदत जाहीर होते. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. परराज्यात किंवा दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, आणि ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र उतारा, याच वेळी मागा. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, तिचे टक्के करायचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं असतं, तेव्हा त्याचंही पत्र घ्या. नोकरीच्या अर्जांत टक्के विचारतात आणि अंदाजाने लिहिलेला आकडा कागदपत्रांच्या तपासणीत गोत्यात आणतो.

पदवीच्या अर्जात नाव देवनागरीतही लिहावं लागतं. ते स्वतः लिहा, सायबर कॅफेवाल्या दादावर सोपवू नका. ऱ्हस्व-दीर्घ बघा, वडिलांचं आणि आईचं नाव बघा. छापल्यानंतर दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा वाट पाहणं. प्रमाणपत्र हातात आलं की लॅमिनेशन करू नका. परदेशी जायची वेळ आली तर साक्षांकनाचे शिक्के त्याच कागदाच्या पाठीमागे मारतात. प्लास्टिकच्या साध्या पाकिटात सपाट ठेवा, दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या आणि मूळ कागद घरातल्या कपाटात, दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवा.